गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या: सलाईन लावून घरी आलं की पुन्हा तेच का होतं?

ऐरोलीहून एका पतीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पत्नीला नववा आठवडा चालू आहे. दिवसाला आठ-दहा उलट्या होतात, मधल्या वेळात नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, पाण्याचा घोटही ठरत नाही. वजन ५४ किलोवरून ५० वर आलंय. जवळच्या दवाखान्यात दोनदा सलाईन लावलं. त्या दिवशी तरतरी आली, दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा तेच. डॉक्सिलामिनची गोळी लिहून दिली आहे, पण बाळाला अपाय होईल या भीतीने ती ‘अगदीच सहन झालं नाही तर’ घेतली जाते. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, डोहाळे कडक आहेत, तिसरा महिना सरला की थांबेल. तर वाट पाहावी की दाखल करावं?

दाखल करावं, आणि आज-उद्यातच. गरोदर होण्याआधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट हा धोक्याचा आकडा मानतात. ५४ किलोचे ५ टक्के म्हणजे २.७ किलो. तुमच्या पत्नीचं वजन ४ किलोने, म्हणजे ७ टक्क्यांहून जास्त उतरलं आहे. डोहाळ्यांची हद्द कधीच ओलांडली गेली आहे. या आजाराला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम म्हणतात. घरातल्यांना दोष देऊ नका. दहांतल्या सात-आठ गरोदर बायकांना मळमळ होतेच आणि बहुतेकींची आपोआप जाते, त्यांनी पाहिलेलं तेच. हा आजार मात्र शंभरात एक-दोघींना, फार तर तिघींना होतो. अनेक घरांत तो कोणी पाहिलेलाच नसतो.

साध्या मळमळीत आणि यात फरक कसा ओळखायचा? डॉक्टर तीन प्रश्नांची मोजणी वापरतात, ती घरीही करता येते. गेल्या २४ तासांत किती तास मळमळलं, किती वेळा उलटी झाली, आणि बाहेर काही न पडता किती वेळा कोरडी ओकारी आली. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. मळमळ अजिबात नसेल तर १, सहा तासांपेक्षा जास्त असेल तर ५. उलट्या आणि ओकाऱ्या एकदाही नसतील तर १, एक-दोनदा असतील तर २, तीन-चारदा ३, पाच-सहादा ४, सात किंवा जास्त असतील तर ५. बेरीज ६ पर्यंत असेल तर सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ किंवा जास्त असेल तर तीव्र. तुम्ही लिहिलंय त्यावरून उलट्यांचे ५ आणि दिवसभराच्या मळमळीचे ५ इथेच १० झाले. ओकाऱ्या तीन-चार जरी धरल्या तरी बेरीज १३. हा आकडा रोज रात्री वहीत लिहा, शेजारी वजन आणि दिवसात किती वेळा लघवी झाली ते. ‘खूप उलट्या होतात’ असं सांगितलं की ऐकणारा आपापल्या अंदाजाने समजून घेतो. ‘तीन दिवस १३, १४, १४ आणि वजन रोज ३०० ग्रॅमने खाली’ असं सांगितलं की निर्णय लगेच होतो.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे. सलाईनने शरीरात पाणी भरतं. उलटी त्याने थांबत नाही. बाटली संपते, पाणी भरल्यामुळे काही तास बरं वाटतं, पण उलटीचं कारण जागच्या जागीच असतं आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी पुन्हा बाहेर पडतं. दवाखाना-घर-दवाखाना हा फेरा तोडायचा असेल तर सलाईनबरोबर तीन गोष्टी हव्यात. उलटी थांबवणारं औषध घड्याळ लावून देणं, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि रक्तातले क्षार, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, तपासून त्यांची भरपाई. यातली एखादी राहिली की फेरा चालूच राहतो.

मुळात हे होतं कशाने, ते सांगतो, कारण घरात ‘पित्त आहे’, ‘मनाचं आहे’, ‘आजकालच्या मुली नाजूक’ हे ऐकावं लागतं आणि त्याचा त्रास उलटीइतकाच होतो. गर्भ आणि वार यांच्यातून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये मार्लेना फेझो, स्टीफन ओ’राहिली आणि सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की ज्या स्त्रियांच्या रक्तात गरोदरपणाआधी हे संप्रेरक कमी असतं, त्यांच्या शरीराला त्याची सवय नसते आणि पातळी एकदम चढली की त्रास जबर होतो. उलट बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांमध्ये ते आधीपासूनच वाढलेलं असतं आणि त्यांना मळमळ फारच कमी जाणवते. म्हणजे हा रक्तातल्या रसायनाचा आणि शरीराला असलेल्या सवयीचा मामला आहे. मन घट्ट करून तो जात नाही. उलट्यांच्या जोरावरून कोणी मुलगा की मुलगी सांगू लागलं तर तिकडे लक्षच देऊ नका.

गोळीची भीती समजण्यासारखी आहे, पण ही गोळी ‘फारच झालं तर’ घेण्याची नाही. डॉक्सिलामिन १० मिलिग्रॅम आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ १० मिलिग्रॅम यांची ही जोडगोळी दशकानुदशकं लाखो गरोदर स्त्रियांनी घेतली आहे. अमेरिकेत १९८३ साली कंपनीने ती बाजारातून काढली, ती कोर्टकज्ज्यांच्या खर्चामुळे. बाळांत व्यंग येतं असं अभ्यासांत आढळलं नाही आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने तीच जोडी पुन्हा मंजूर केली. तिचा गुण यायला काही तास लागतात, कारण आवरणामुळे ती आतड्यात गेल्यावर विरघळते. रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी असते. सकाळी उलट्या सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीतच जाते आणि मग वाटतं की औषध लागू पडत नाही. नेहमीची पद्धत अशी की झोपताना दोन गोळ्या, दोन दिवसांत भागलं नाही तर सकाळची एक वाढवायची, तरीही नाही तर दुपारची एक. दिवसात जास्तीत जास्त चार. पोट रिकामं असताना, पाण्याच्या घोटाबरोबर, अख्खी गिळायची. चावायची किंवा कुटायची नाही. तुमच्या पाकिटावर घटक आणि मात्रा वाचून घ्या, कारण काही ब्रँडमध्ये फॉलिक ॲसिडही असतं आणि काहींची मात्रा दुप्पट असते. झोप येते, तोंड कोरडं पडतं. स्कूटर चालवू नये आणि सर्दीची झोप आणणारी गोळी सोबत घेऊ नये.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली किंवा उलटीत गोळी दिसली, तर ती पोटात गेली नाही असं धरून पुन्हा घ्यायला सहसा हरकत नसते. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. दोन दिवसांत दोनदा असं झालं तर तोंडाने औषध देण्याचा हट्ट सोडून द्या.

या एका गोळीने भागलं नाही तर दुसऱ्या गटातलं औषध जोडतात. इथे एक चूक नेहमी होते. पहिलं बंद करून दुसरं सुरू करतात, मग ते बंद करून तिसरं. ही औषधं उलटीच्या वेगवेगळ्या वाटा अडवतात, त्यामुळे पहिलं चालू ठेवून दुसरं जोडलं तर जास्त गुण येतो. कुठली जोडी चालते हे डॉक्टरांनी ठरवायचं. प्रोमेथाझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही जुनी औषधं. पहिलं फार झोपाळू करतं. मेटोक्लोप्रमाइड ५ ते १० मिलिग्रॅम आठ तासांनी, दिवसात ३० मिलिग्रॅमच्या वर नाही आणि सलग पाच दिवसांपेक्षा जास्त नाही. शिरेतून देताना ते किमान तीन मिनिटं घेऊन सावकाश द्यावं लागतं, भसकन दिलं तर जबर अस्वस्थता येते. कधीकधी, विशेषतः कमी वयाच्या स्त्रियांत, या औषधाने मान वळते, जबडा आवळतो, डोळे वर चढतात. दिसायला झटक्यासारखं आणि घरच्यांना घाबरवणारं, पण एका इंजेक्शनने उतरतं. लगेच दवाखान्यात न्यायचं, औषधाचं नाव सांगायचं आणि पुढे ते घ्यायचं नाही.

ऑन्डान्सेट्रॉनबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मागितलं जातं. ४ मिलिग्रॅमची जिभेवर विरघळणारी गोळी पाण्याचा घोटही न ठरणाऱ्या बाईला फार सोयीची असते. गुणकारी आहे. पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास ओठ-टाळू दुभंगण्याची शक्यता किंचित वाढते. दहा हजार बाळांमागे साधारण ११ ऐवजी १४, म्हणजे तीन जास्त. आईची उपासमार थांबत असेल तर बहुतेक वेळा पारडं औषधाकडे झुकतं, पण हा आकडा सांगून, तिला विचारून ते सुरू करायला हवं. दुसरी गोष्ट, रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असताना हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. म्हणून आधी पोटॅशियम तपासायचं, कमी असेल तर ईसीजी काढायचा. तिसरी गोष्ट बद्धकोष्ठाची. चार दिवस पोट साफ नाही झालं की त्यानेच मळमळ वाढते आणि मग औषध वाढवलं जातं. पाणी पिता येत नसताना इसबगोल देऊ नका, ते पाण्याशिवाय घट्ट बसतं. लॅक्टुलोजचं सिरप बरं.

हे सगळं करूनही थांबलं नाही तर रुग्णालयात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शिरेतून आणि मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या हळूहळू कमी करत देतात. तो शेवटचा टप्पा, तज्ज्ञांच्या हातचाच.

आता बाटलीकडे. आपण शिरेतून लावलेल्या कुठल्याही द्रवाला सलाईन म्हणतो, पण बाटलीवर काय छापलंय ते वाचा. ‘एनएस’ म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. ‘डीएनएस’ आणि ‘डी-५’ यांत साखर असते. उलटीतून पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड जातात, म्हणून सुरुवात एनएसने करायची. साखरेची बाटली आधी लावण्यात खरा धोका आहे. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि नीट जेवण जाऊन आता तितके दिवस झालेच असणार. साखर जाळायला थायमिन लागतं. साठा संपत आलेल्या शरीरात ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलं थायमिन तिथेच खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. वेर्निके एन्सेफॅलोपथी हे तिचं नाव. एकाचं दोन दिसणं, डोळे थरथरणं, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं किंवा विसरणं ही लक्षणं. सगळी एकदम दिसतीलच असं नाही. वेळीच थायमिन दिलं तर टळते, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बाटली लावण्याआधी एवढं एक वाक्य न लाजता विचारा: ‘डॉक्टर, थायमिन दिलंय का?’ प्रमाण साधारण १०० मिलिग्रॅम, तोंडाने ठरत असेल तर दिवसात तीनदा, नाहीतर शिरेतून. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत ते फार कमी असतं. पॉलिश केलेल्या तांदळाच्या पेजेतही ते नावालाच असतं, म्हणजे ‘पेज जातेय ना पोटात’ या भरवशावर राहता येत नाही.

प्रमाण किती? ५०० मिलिलिटरची एक बाटली सहा तास चालवून घरी पाठवलं तर ते पुरत नाही. चार-पाच दिवस पाणी न ठरलेल्या बाईला पहिले एक लिटर एक-दोन तासांत आणि दिवसभरात मिळून दोन-तीन लिटर लागू शकतात. पुढच्या बाटल्यांत तपासणीच्या आकड्यांप्रमाणे पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. ते नेहमी मिसळूनच, सावकाश. थेट शिरेत टोचायचं नसतं. सोडियम फार उतरलं असेल तर तेही घाईने चढवत नाहीत, मेंदूला इजा होते. हे सगळं रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही, म्हणून नुसती बाटली लावणाऱ्या ठिकाणापेक्षा त्याच दिवशी सोडियम-पोटॅशियमचा अहवाल मिळणारं ठिकाण निवडा. ऐरोली आणि नेरूळची महापालिकेची रुग्णालयं, वाशीचं महापालिका रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही सार्वजनिक ठिकाणं आहेत. खासगी नर्सिंग होममध्ये जाणार असाल तर आधी फोनवर विचारा, डे-केअरमध्ये क्षार तपासून बाटली लावता का आणि रात्री डॉक्टर असतात का.

लघवीतल्या ॲसिटोनवरून, म्हणजे कीटोनवरून, दाखल करायचं की नाही हे ठरवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. कीटोनचे अधिक-चिन्ह आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय. पट्टीवर कीटोन नाहीत म्हणून वजन उतरत असलेल्या बाईला घरी पाठवलं तर शांतपणे वजनाची वही पुढे करा.

दाखल झाल्यावर तपासण्या होतील त्या कशासाठी, तेही माहीत असू द्या. सोनोग्राफी हवीच, कारण जुळं किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षाच्या घोसासारखी बिघडलेली वाढ) असेल तर उलट्या जबर होतात आणि द्राक्षगर्भाचा उपाय वेगळाच आहे. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लिटरभर पाणी पिऊन मूत्राशय भरायला सांगतात, ते इथे शक्यच नसतं. योनीमार्गे केली तर पाणी प्यावं लागत नाही, तसं आधीच सांगा. गर्भलिंगनिदानबंदी कायद्याप्रमाणे फॉर्म एफ भरावा लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. लघवीची तपासणी आणि कल्चर, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गानेही उलट्या होतात. यकृताच्या चाचण्या या आजारात थोड्या वाढतात आणि उलट्या थांबल्या की उतरतात. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खूप कमी येऊ शकतं. गरोदरपणातलं एचसीजी हे संप्रेरक थायरॉइडला चेतवतं, त्याचा तो परिणाम. गलगंड, डोळे बाहेर येणं अशी खरी थायरॉइडची चिन्हं नसतील तर त्यावर गोळ्या सुरू करायच्या नसतात. दाखल असेपर्यंत रक्ताची गुठळी टाळण्याचं पोटावरचं इंजेक्शन देऊ शकतात. गरोदरपण, कोरडं पडलेलं शरीर आणि अंथरुणावर पडून राहणं हे तिन्ही एकत्र आले की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. नाही म्हणू नका.

ताप, कावीळ, पोटात एका जागी दुखणं, जुलाब ही या आजाराची लक्षणं नाहीत. पावसाळ्यात आपल्या भागात मलेरिया, डेंग्यू आणि दूषित पाण्यातून येणारी कावीळ वाढते. हेपटायटिस ई गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. लघवी गडद पिवळी झाली तर ती पाणी कमी पडल्यामुळेच आहे असं गृहीत धरू नका, डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहा. उलट्या दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. विसाव्या आठवड्यानंतर डोकेदुखी आणि बरगडीखालच्या दुखण्यासोबत आल्या तर आधी रक्तदाब मोजायचा.

घरी आल्यावर, किंवा सौम्य त्रास असलेल्यांनी, खाण्यापिण्याचं गणित असं ठेवावं. पेलाभर पाणी एकदम प्यायलं की पोट ताणलं जातं आणि सगळं परत येतं. दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, दर पाच मिनिटांनी. तासाला १२० मिलिलिटर झाले, दहा तासांत सव्वा लिटरच्या जवळपास. कंटाळवाणं काम आहे, म्हणून सोबत बसणाऱ्या माणसाने मोबाइलवर गजर लावून चमचा हातात द्यायचा. तिने स्वतः मोजत बसू नये. ओआरएसचं पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं घ्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकिटातलं थोडं थोडं अंदाजाने घालू नका. फळांच्या चवीच्या गोड तयार पेयांत साखर फार आणि मीठ कमी असतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव सहन होत नसेल तर गार करून द्या, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे चघळायला द्या. कोकम सरबताचे, मीठ घातलेल्या लिंबू सरबताचे खडेही अनेकींना ठरतात. शहाळ्याचं पाणी चांगलं, त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. नुसत्या शहाळ्यावर राहू नये.

पातळ आणि घट्ट एकत्र नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. दर दीड-दोन तासांनी दोन-चार घास. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच चुरमुरे, साळीच्या लाह्या किंवा खाकऱ्याचा तुकडा, मग पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, मग उठायचं. उपाशीपोटी चहा बंद. गरम अन्नाचा वास जास्त येतो, त्यामुळे गार दहीभात, गार उकडलेला बटाटा, भाजलेले चणे, शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, नाचणीची गार आंबील असं चालतं. ‘दोन जिवांचं खा’ हा आग्रह या काही आठवड्यांपुरता पूर्ण थांबवा. जे ठरेल ते खाणं, मग ते सलग तीन दिवस मीठ लावलेले उकडलेले बटाटेच का असेनात. चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, कुठलाही उपवास करायचा नाही. आल्याने सौम्य मळमळ कमी होते, पण १३ गुणांच्या आजारात आल्याचा तुकडा चघळायला देत बसलात तर दोन दिवस वाया जातात, शिवाय छातीत जळजळ असेल तर ती वाढते.

वासांचं मनावर घ्या. फोडणी, तळलेले बोंबील, उदबत्ती, फिनेल, डासांचं लिक्विड, तुमचा स्वतःचा डिओ. वन-रूम-किचनमध्ये स्वयंपाकघराचा वास झोपायच्या जागेपर्यंत येतोच, तेव्हा काही आठवडे फोडणीचं जेवण शेजारी किंवा डब्यावाल्याकडे सोपवा. रबाळे-तुर्भे पट्ट्यातून जाताना कारखान्यांचा वास आणि ट्रान्स-हार्बर लोकलची सकाळची गर्दी, दोन्ही मिळून उलटी काढतात. रुग्णालयातही तेवढ्यासाठी रिक्षाने किंवा गाडीने न्या, पिशवी आणि ओला रुमाल हाताशी. अगदीच अंग टाकलं असेल तर १०८.

तोंडात थुंकी फार साचत असेल तर ती गिळू नये, झाकणाच्या पेल्यात थुंकावी. गिळली की मळमळ वाढते. उलटीनंतर लगेच दात घासू नका. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण ब्रशने निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश.

लोहाची गोळी सध्या बंद करायला डॉक्टरांना विचारा. मळमळ वाढवणाऱ्या गोष्टींत ती पहिल्या क्रमांकावर असते, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमातही ती चौथ्या महिन्यापासूनच असते. फॉलिक ॲसिड मात्र सोडायचं नाही. छोटी गोळी, रात्री.

पुन्हा रुग्णालयात कधी धावायचं? आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा झाली ती थेंबभर गडद. चोवीस तासांत काहीच ठरलं नाही. उलटीत रक्त. उभं राहिल्यावर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार, छातीत धडधड. ताप, अंगावरून रक्त, पोटदुखी. दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. यांतलं एकही असेल तर रात्र काढू नका. सोबत माता-बाल कार्ड, आधीचे अहवाल, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि वही.

दवाखान्यातून सोडतानाही घाई नको. शिरेतलं औषध बंद करून तोंडाच्या गोळ्यांवर एक दिवस काढला, गोळ्या आणि थोडं अन्न ठरलं, मग घरी. घरी आल्यावर ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या थांबवल्या की तीन दिवसांत परत भरती होते. गोळ्या वेळेवर चालू ठेवून, सोळाव्या आठवड्याच्या आसपास डॉक्टरांच्या सल्ल्याने एकेक कमी करायच्या. त्रास साधारण नवव्या आठवड्याला शिगेला पोहोचतो, बहुतेकींचा विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो, काहींचा बाळंतपणापर्यंत थोडाफार राहतो. म्हणून ‘तिसरा महिना सरला की संपेल’ असं वचन तिला देऊ नका. तेराव्या आठवड्यात उलटी झाली की ती कोसळते.

तिच्या मनाचंही बघायला हवं. दिवसरात्र मळमळणाऱ्या बाईला रडू येतं, बाळाचाच राग येतो, ‘हे नकोच’ असंही वाटतं. आजाराने आलेलं आहे ते, आईपणाची माया कमी आहे म्हणून नव्हे. ऐकून घ्या, डॉक्टरांनाही सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो. नोकरीत असेल तर रजेचं दडपण उतरवा. मातृत्व लाभाच्या कायद्याप्रमाणे (आधी १९६१ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, ती बाळंतपणाच्या रजेव्यतिरिक्त. कामगार विमा योजना (ईएसआय) लागू असलेल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनाही तशी तरतूद आहे. दाखल्यावर ‘उलट्या’ एवढंच लिहून घेऊ नका, ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम’ असं निदान लिहून घ्या.

आता बाळाबद्दल. वजन परत भरून आलं तर बहुतेक बाळं नीट, पुऱ्या दिवसांची होतात. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतरही वजन आधीच्या आकड्यावर आलं नाही तर बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते, तेव्हा अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफी जास्त वेळा कराव्या लागतात. वजनाची वही त्यासाठीही चालू राहू द्या: दर सोमवारी, सकाळी लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर. आणि पुढचं मूल ठरवाल तेव्हा ही वही घेऊन आधीच डॉक्टरांना भेटा. हा आजार पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि रात्रीची गोळी उलट्या सुरू होण्याआधीच, पाळी चुकून गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली की लगेच, सुरू करता येते.